माझ्याबद्दल तीनदा घेतलेलं मत

परवा फोनवर तुम्ही दोघं हसत होतात. थोरल्याने आपल्या कॉलेजातल्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या प्रोफेसरबद्दल इंटरनेटवर काय लिहिलं ते वाचून दाखवलं आणि मागून धाकटीचं खिदळणं ऐकू येत होतं. त्यांना शिकवता येत नाही, ते फळ्याशीच बोलतात, असं काहीसं होतं. खाली नाव घालावं लागत नाही, हेही त्याने सांगितलं. मीही हसले. मग त्यानेच विचारलं, "आजी, तूपण तेच शिकवायचीस ना? तुझ्याबद्दल पोरं काय म्हणायची?" मी म्हटलं, फोनवर सांगण्यासारखं नाही, लिहून पाठवते. तेच आता लिहिते आहे. क्रमाने लिहायचा प्रयत्न करते. वाचायला गोड वाटणार नाही.

मी कोल्हापूरच्या विद्यापीठात एम.एस्सी.च्या मुलांना सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवायचे. मुलं कागलकडून, गडहिंग्लजकडून, पन्हाळ्याच्या खालच्या गावांतून यायची. बहुतेकांचं शिक्षण मराठीत झालेलं आणि एम.एस्सी. मात्र इंग्रजीत. माझं उलटं होतं. माझे वडील हातकणंगल्याच्या स्टेशनात पोर्टर होते. आपण बौद्ध झालो तेव्हा मी शाळेत होते, आणि त्याच सुमारास वडिलांनी मला मिशनच्या शाळेत इंग्रजीत घातलं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पण इंग्रजी माझ्या अंगवळणी पडलं आणि वर्गात उभी राहिले की तेच तोंडात यायचं. इतकं कष्टाने मिळवलेलं काही आपण मुद्दाम मोडून-तोडून कशाला वापरायचं, असं मला वाटायचं. आजही वाटतं.

नव्वदच्या दशकात मुलांची मतं कुणी कागदावर मागत नसे. ती ऐकू यायची. सिटी बसमध्ये मी पुढच्या बाकावर असले आणि मागे आमचीच दोन मुलं असली, की सगळं फुकटात कळायचं.

"पयलं लेक्चर कुणाचं हाय?"

"सल्फ्युरिकचं."

"मग चल की पन्हाळ्याला."

"हजेरी घेतीया ती. सोडत न्हाय."

"घेऊ दे. बोलतीया ते तरी कुठं कळतंय? रेडिओवर इंग्लिश बातम्या लावल्यागत."

सल्फ्युरिक म्हणजे मी. हे नाव मला कुठल्या वर्षी पडलं ठाऊक नाही, पण एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे ते नीट पोचवलं जायचं. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. आमच्याकडे एका सरांना तर मुलं 'गाळणकागद' म्हणायची, त्या मानाने माझं बरं होतं.

त्यांचा माझ्यावरचा खरा राग वेगळ्या गोष्टीसाठी होता. ती तुम्हाला समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी निगडित आहे.

प्रॅक्टिकलला आम्ही मुलांना एक पांढरी पूड देतो. ती कशाची आहे हे त्यांनी ओळखायचं. त्यासाठी ती पूड बारीक काचेच्या नळीत भरतात, थर्मामीटरला बांधून तेलात तापवतात आणि ती नेमकी कुठल्या तापमानाला वितळते ते बघतात. शुद्ध पदार्थ ठरलेल्या तापमानाला वितळतो आणि तो आकडा पुस्तकात छापलेला असतो. पूड नीट शुद्ध केली नसेल, ओली असेल, तर ती आधीच वितळते. मुलांची पद्धत अशी, की आधी मागच्या तुकडीला विचारून पूड कशाची आहे ते काढायचं, मग पुस्तकातला आकडा बघायचा आणि तोच 'दिसला' म्हणून लिहायचा. पुष्कळांनी शेगडी पेटवलेलीसुद्धा नसायची. हे सगळ्या महाराष्ट्रात चालतं आणि सगळ्यांना ठाऊक आहे. मी ते चालू दिलं नाही. मी बाटल्यांत मुद्दाम थोडी भेसळ करून ठेवायचे आणि पुस्तकातला आकडा लिहिणाऱ्याचे मार्क कापायचे.

"मॅडम, पुस्तकात एकशे बावीस हाय की."

"पुस्तकात आहे. तुझ्या नळीत किती होतं?"

"नळीत एकशे सतराला गेलं. पण ते बरोबर न्हाय."

"एकशे सतरा लिही."

"मग मार्क जातील, मॅडम."

"एकशे बावीस लिहिलंस तर जातील."

तो आपल्या जागेवर गेला आणि शेजारच्याला, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "ह्या बाईला बरोबर उत्तर नको असतंय आणि चूक बी नको असतंय. हिला नेमकं पायजे तरी काय?"

नेमकं काय हवं होतं, ते मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी सांगायचे: जे दिसलं ते लिहा. शंका आली तर रीडिंग पुन्हा घ्या. इंग्रजीत सांगायचे, हे खरं. पण वाक्य काही फार अवघड नव्हतं.

एका वर्षी मी एका बड्या घरच्या मुलाला प्रॅक्टिकलमध्ये नापास केलं. त्यानंतर काही दिवसांनी माझ्या खोलीच्या दाराशेजारच्या भिंतीवर अक्षरं उमटली. सकाळी आले तेव्हा भिंत कोरी होती. दुपारी तिथे काळपट काहीतरी दिसू लागलं आणि संध्याकाळपर्यंत वाचता आलं: 'सरकारी जावई'. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्याने लिहिलं होतं. ते लिहिताना दिसत नाही, उजेड लागेल तसं काळं पडतं आणि पुसून जात नाही. ज्याने लिहिलं त्याला रसायनशास्त्र येत होतं, एवढं मान्य करते. तुम्हाला या शब्दांचा अर्थ कळणार नाही. आपल्या लोकांना राखीव जागेवर नोकरी मिळाली की असं म्हणतात. मी खुल्या जागेवर, मुलाखतीत पहिली येऊन लागले होते, पण भिंतीला ते कोण सांगणार? निदान 'सून' तरी म्हणायचं होतं, असं मी स्टाफरूममध्ये म्हटलं. कुणी हसलं नाही. कुणी रागावलंही नाही. सगळे चहा पीत राहिले. शेवटी तेवढा गिलावा खरवडून काढावा लागला.

आता मुख्य गोष्टीकडे येते. दोन हजार सालानंतरची आहे. आमचे विभागप्रमुख निवृत्त व्हायचे होते आणि सेवाज्येष्ठतेने पुढचा नंबर माझा होता. प्रमुखपद तीन वर्षांचं असायचं आणि माझी नोकरी साधारण तेवढीच उरली होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. त्या विभागात तोवर एकही बाई प्रमुख झाली नव्हती, आणि आपल्यातलं तर कुणीच नाही. मला ते पद हवं होतं. पदाचं मला काही नाही असं म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यातली बहुतेक ते मिळाल्यावर तसं म्हणतात.

माझ्यानंतर ज्यांचा नंबर होता ते सर माझ्यापेक्षा बऱ्याच वर्षांनी मागून लागलेले. वागायला गोड. मुलांच्या खांद्यावर हात टाकून बोलायचे, त्यांच्याबरोबर जोतिबाला जायचे, परीक्षेला येणारे प्रश्न खुणा करून द्यायचे आणि पुस्तकातला आकडा लिहिला तर डोळा मिचकावून सही करायचे. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची.

नेमकं त्याच वर्षी विद्यापीठाची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती. समितीला म्हणे विद्यार्थ्यांचं शिक्षकांबद्दलचं मत लागतं. आमच्याकडे असलं काही कधी झालं नव्हतं. घाईघाईने कोरे कागद वाटले गेले. माझ्याबद्दलचं मत घ्यायला वर्गात त्याच सरांना पाठवलं, कारण मी स्वतः थांबणं बरोबर दिसलं नसतं.

आठवड्याभरात कुलगुरूंचं बोलावणं आलं.

"मॅडम, मुलांचं मत तुमच्याविषयी फारसं बरं नाही," ते म्हणाले. "यंदा समिती येतेय. प्रमुख म्हणून विभागाचा चेहरा कोण असावा, याचा विचार करावा लागेल."

मी कागद बघायला मागितले. त्यांनी गठ्ठा पुढे सरकवला. पहिल्या कागदावर लिहिलं होतं, 'मॅडमची भाषा समजत नाही, त्यामुळे विषयाची गोडी लागत नाही.' दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावरही तेच. सगळ्या गठ्ठ्यात तेवढं एकच वाक्य होतं, वेगवेगळ्या अक्षरांत. कुठे शाई निळी, कुठे काळी.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला मी मुलांना विचारलं. सगळे आपापल्या नळ्यांत डोळे घालून उभे. शेवटी एक मुलगी बोलली. आपल्याकडच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तशी तीही.

"मी सांगतो, मॅडम. सरांनी फळ्यावर नमुना लिहिलावता."

"कसला नमुना?"

"आमीच विचारलं, सर, ह्यात काय लिहायचं असतंय? तर त्यांनी एक वाक्य लिहून दिलं. म्हणाले, ह्याच्यासारखं लिवा."

"आणि तुम्ही तेच लिहिलंत?"

"नमुना दिल्यावर दुसरं कशाला लिहायचं, मॅडम? मार्क गेलं म्हंजे?"

"अगं, त्याला मार्क नव्हते!"

तिला खरंच ते ठाऊक नव्हतं. बालवाडीपासून त्या मुलांनी जे काही लिहिलं ते कुणाच्या तरी फळ्यावरून उतरवून. मत हेही एक उत्तरच, आणि उत्तर म्हटलं की ते आधी कुणाला तरी ठाऊक असतं. सरांनी ते वाक्य मुद्दाम लिहिलं की सहज सुचलं म्हणून, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कळून उपयोगही नाही.

मी कुलगुरूंकडे परत गेले. म्हटलं, सर, हे मुलांचं मत नाही, हा नमुना आहे. मत पुन्हा घ्या. फळ्यावर काही न लिहिता, आमच्या विभागातलं कुणी न थांबता.

"पुन्हा कशाला, मॅडम? वाढवू नका."

"रीडिंग चुकलं तर पुन्हा घेतात, सर."

ते हो म्हणाले. ऑफिसातले एक अधिकारी वर्गात गेले, मुलांना लांब लांब बसवलं, कोरे कागद दिले. मी त्या वेळी लायब्ररीत होते. मी निर्धास्त होते, हेही लिहून ठेवते. मला वाटत होतं की नमुना काढून घेतला की खरं काय ते दिसेल, आणि खरं माझ्या बाजूचं असेल.

दुसरा गठ्ठा मी कुलगुरूंसमोर बसून वाचला. या वेळी कुठलेही दोन कागद सारखे नव्हते.

'मॅडम लई हुशार हायत पण माणसाला माणूस समजत न्हाईत.'

'इंग्लिशमध्ये शंका विचारायची भीती वाटते. मराठीत विचारली तर उत्तर इंग्लिशमध्ये देतात. दोन वर्षांत मी एकदाच विचारली.'

'जागा कशी मिळाली ते सगळ्यांना माहिती आहे, तरी तोरा बघा.'

'मॅडममुळे खोटं रीडिंग लिहायचं सोडलं. मार्क कमीच पडले.'

मग एक कागद आला. अक्षर मी ओळखलं. हातकणंगल्याजवळच्याच एका गावातला मुलगा, आपल्यातलाच, त्याचे वडील बाजारात हमाली करायचे. मी त्याच्या वह्या इतरांपेक्षा दुप्पट बारकाईने तपासायचे, कारण उद्या त्याला कुणी भिंतीवर लिहून दाखवू नये अशी माझी इच्छा होती. त्याने लिहिलं होतं: 'आमच्यातल्या असून आम्हालाच जास्त त्रास देतात. बाकीच्यांना दाखवायला.'

तो कागद मी पुन्हा घडी करून गठ्ठ्यात होता त्याच जागी ठेवला. चांगलं लिहिणारेही होते, पण थोडे.

"आता काय म्हणता, मॅडम?" कुलगुरूंनी विचारलं. आवाजात कुचेष्टा नव्हती. ती असती तर मला बोलता आलं असतं. "हे तर तुमच्याच मागणीवरून घेतलंय."

मी म्हटलं, "काही म्हणायचं नाही, सर." प्रमुखपद त्या सरांना मिळालं.

घरी येऊन मी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. तुम्हाला ते आठवत नसतील. जिल्हा कोर्टात त्यांनी सगळा जन्म वकिली केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि मग एकदम भडकले.

"पुन्हा घ्यायला कुणी सांगितलं तुला?"

"अहो, पहिलं खोटं होतं ना!"

"तेच म्हणतोय मी! पहिलं खोटं होतं. सगळा वर्ग एकच वाक्य लिहितो, असला पुरावा मला जन्मात मिळाला नाही. त्याच्यावर भांडता आलं असतं, अगदी वरपर्यंत. आता त्यांच्याकडे खरं आहे. खऱ्यावर कुणाशी भांडायचं?"

मी त्यांना म्हटलं, मग मी काय करायला हवं होतं? जेवायला बसलो तेव्हा तेच म्हणाले, "तू दुसरं काही केलंच नसतंस. म्हणून तर चिडलोय."

तुम्हाला वाटेल आजीने त्या मुलाच्या कागदाचा विचार केला असेल, स्वतःला बदललं असेल. मी विचार केला. पण त्याच्या वह्या मी पुढेही तशाच तपासल्या. त्याला त्रास झाला हे खरं होतं आणि त्याचं कारण त्याने जे लिहिलं ते खरं नव्हतं. मतात दोन्ही एकाच ओळीत बसतं आणि वाचणाऱ्याला ते वेगळं करता येत नाही. वेगळं करायची आमच्याकडे कुठलीही नळी नव्हती.

नवे प्रमुख पेढे घेऊन माझ्या खोलीत आले. पाया पडायला वाकले. "मॅडम, तुमचा आशीर्वाद पाहिजे. पोरं आहेत, मनावर घेऊ नका." मी पेढा घेतला. तो मी खाल्ला नाही, पण घेतला. मग ते खुर्चीवर बसले आणि जरा अवघडून म्हणाले, "एक विचारायचं होतं. समितीच्या फाइलला मुलांची मतं जोडायची आहेत. तुमचा पहिला गठ्ठा लावू की दुसरा? पहिला दिसायला बरा आहे. सगळ्यांचं एकमत आहे, आणि भाषा सौम्य आहे."

"दुसरा लावा," मी म्हटलं.

"दुसऱ्यात काय काय लिहिलंय, मॅडम. विभागाची शोभा होईल."

"मग मला कशाला विचारता?"

ते हसून उठले.

दोनेक दिवसांनी मी वर्गावरून जात होते. दार उघडं होतं. सर फळ्याजवळ उभे होते, मुलं माना खाली घालून लिहीत होती. फळ्यावर विभागातल्या प्रत्येक शिक्षकासाठी एकेक ओळ होती. माझ्या नावासमोर लिहिलं होतं, 'मॅडमच्या शिकवण्यामुळे विषयाची गोडी लागते.' ज्या मुलीने मला नमुन्याचं सांगितलं होतं तीही लिहीत होती. तो हमालाचा मुलगाही लिहीत होता. मी दारात थांबले नाही. आत जाऊन काही बोलावं असं एकदा वाटलं, पण पुन्हा घ्या असं म्हणायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

समिती आली. सत्कार झाले, फेटे बांधले गेले, जेवणात तांबडा-पांढरा झाला. चहाच्या वेळी समितीतले एक वयस्कर गृहस्थ कप हातात घेऊन मुद्दाम माझ्याजवळ आले. परप्रांतातले होते, इंग्रजीत बोलले, आणि मला म्हणाले की, विद्यार्थ्यांचं एखाद्या शिक्षकाबद्दल इतकं एकमुखी चांगलं मत त्यांनी क्वचितच पाहिलं आहे. शेजारी आमचे प्रमुख उभे होते. ते माझ्याकडे बघून आनंदाने मान डोलावत होते.

मी त्या गृहस्थांचे आभार मानले आणि त्यांना आणखी साखर हवी का, ते विचारलं.